आरोग्याचा पैसा समजून घ्यायचाय तर बजेटच्या पुढे बघ

बजेट कितीने वाढलं हेच बघत बसू नको रे, गोव्याच्या विधानसभेत, पर्वरीला, बजेट मांडलं की सगळे तोच आकडा धरून भांडतात, खरी गोम पुढे असते, पैसा कोणाच्या हातात जातो, तो त्यातून काय विकत घेतो आणि त्याला जाब कोण विचारतो. आपली गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, सरकारी आरोग्य विमाच घे, 2016 ला सुरू झाली, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत उपचार, त्याहून मोठ्याला 4 लाखांपर्यंत, कार्ड घरोघरी आहे, पण पॅकेजचा, म्हणजे एकेका उपचाराचा ठरलेला, दर कोणी ठरवला, क्लेम कोण तपासतो, हे विचारणारा क्वचितच भेटतो. तू तिथून सुरुवात कर.

मग थायलंड वाच, सगळ्यांना आरोग्यसेवा देणारा 2002 चा कायदा. तिथे लोकांसाठी उपचार विकत घेणारं ऑफिस आरोग्य मंत्रालयापासून वेगळं काढलं, ओपीडीचे पैसे नाव नोंदलेल्या दर माणशी ठराविक, मग तो येवो न येवो, ॲडमिट पेशंटचे आजाराच्या गटाप्रमाणे, त्यामुळे उगाच टेस्ट लावून बिल फुगवण्यात हॉस्पिटलला फारसा फायदाच उरत नाही.

औषध खरेदी समजायची असेल तर तामिळनाडूचं मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन बघ, सरकारी हॉस्पिटलांसाठी औषधं घेणारी सरकारी कंपनी, 1994 ची. प्रत्येक सरकारी हॉस्पिटलला पासबुक, त्यात त्या हॉस्पिटलच्या वाट्याची रक्कम, गोदामातून औषध उचललं की तेवढी वजा, शिवाय टेस्टिंगला नापास झालेला माल परत. आयएएस, मंत्री बदलले तरी ही पद्धत चालते, कारण ती वहीत आहे, कोणाच्या डोक्यात नाही.

जागतिक बँकेचे जाडजूड रिपोर्ट नंतर, आधी आपल्या योजनेची पॅकेज लिस्ट वाचून ये, मग बोलू.