नती आणि उतार: थराचा कल सांगावा कसा

फोंड्याच्या एका भूगोल शिक्षिकेचा प्रश्न आहे. मुलांच्या क्षेत्रभेटीचे टिपण मराठीत लिहिताना खडकांच्या थरांच्या 'डिप'ला 'उतार' म्हणावे की 'नती'? आणि 'थरांची नती ईशान्य आहे' हे वाक्य चालेल का?

'नती'च लिहा. उतार जमिनीचा, नती थराची. पाण्याखाली गाळ साचतो तेव्हा त्याचे थर बहुधा आडवेच बसतात. पुढे भूकवचाच्या हालचालींमुळे ते कलतात, वाकतात. कललेल्या थराचा पृष्ठभाग क्षितिजसमांतर पातळीशी जो सर्वांत मोठा कोन करतो, ती त्याची नती. आडव्या थराची ०°, उभ्या थराची ९०°. वरची जमीन झिजून कुठेही उतरो, थराला त्याचे सोयरसुतक नसते. डोंगर पश्चिमेला उतरतो आणि पोटातले थर पूर्वेला कललेले असतात, असे सर्रास आढळते. रस्त्यासाठी डोंगर कापताना हा फरक जिवावर बेतू शकतो. थर रस्त्याच्या बाजूला कललेले निघाले, तर पावसाचे पाणी त्यांच्यामध्ये मुरून वरचा खडक खाली सरकण्याची भीती असते. तेच थर डोंगराच्या आत कललेले असतील तर हा धोका बराच कमी. दोन्ही गोष्टींना 'उतार' म्हणणारे टिपण इथे काहीच सांगू शकत नाही.

व्याख्येतल्या 'सर्वांत मोठा' या शब्दांवर जरा थांबायला हवे. आपल्याकडच्या नळ्यांच्या छपराचे एक पाखे डोळ्यांसमोर आणा. पावसाचे पाणी ज्या वाटेने थेट खाली धावते ती नतीची दिशा. वरचे आढे आडवे असते, त्या वाटेशी काटकोनात. आढ्याची दिशा म्हणजे 'नतिलंब', इंग्रजीतला स्ट्राइक. त्रिकोणी भिंतीच्या बाजूने पाहिले की पाख्याचा खरा कोन दिसतो. समोर अंगणात उभे राहिले तर आढे आडवे, खालची कडही आडवी, कल मोजताच येत नाही. म्हणून खाणीच्या किंवा रस्त्याच्या कापात थर आडवे दिसले तरी ते आडवे आहेत असे लगेच लिहू नये. काप नतिलंबाला धरून गेलेला असू शकतो. काप तिरका असेल तर खऱ्यापेक्षा कमी कोन दिसतो, त्याला 'आभासी नती' म्हणतात. थराचा सपाट पृष्ठभाग उघडा सापडला तर त्यावर थोडे पाणी ओतून बघावे. ओघळ जिकडे जाईल ती नतीची दिशा, आणि क्लिनोमीटर, म्हणजे कल मोजायचे साधन, त्याच ओघळाला धरून लावायचा.

आता वाक्याचे. 'नती ईशान्य आहे' हे अर्धे सांगणे झाले, आणि नुसते 'नती ४०°' हेही अर्धेच. 'थरांची नती ईशान्येस ४०° आहे' असे पूर्ण लिहावे. गोव्याचेच उदाहरण घ्या. डिचोलीकडून सांगे-केप्याकडे गेलेल्या लोहखनिजाच्या पट्ट्यात खडकांचा नतिलंब साधारणपणे वायव्य-आग्नेय आहे. पण तेवढ्यावरून थर ईशान्येला कलले की नैर्ऋत्येला, हे ठरत नाही. या खडकांना घड्या पडलेल्या आहेत, आणि घडीच्या दोन बाजू दोन दिशांना कलतात. नकाशावर ही सगळी माहिती एका खुणेत मावते: लांब रेघ नतिलंबाची, तिच्या मध्यावर एका बाजूला काढलेली आखूड रेघ नतीची, शेजारी कोनाचा आकडा.

शब्द मुळात संस्कृत 'नम्' धातूचा, वाकणे या अर्थाचा. उन्नती, अवनती, प्रणती ही सगळी त्याच घरातली. खगोलातला 'नतांश' म्हणजे तारा खमध्यापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, किती अंश ढळला आहे ते. भूविज्ञानाने या शब्दाचा फार नेटका उपयोग केला आहे, असे मला मनापासून वाटते. घडीच्या अक्षापासून, म्हणजे तिच्या मधल्या रेषेपासून, थर दोन्हीकडे दूर कलले तर 'अपनती', अक्षाकडे कलले तर 'अभिनती'. 'अप' म्हणजे दूर आणि 'अभि' म्हणजे कडे, एवढे मुलांना सांगितले की पाठांतराची गरज उरत नाही. लिहिताना 'नती' दीर्घ, पण समासात पहिले पद आले की ऱ्हस्व: नतिलंब, नतिकोन. वर्तमानपत्रासाठी लिहायचे असेल तर मात्र 'थर ईशान्येकडे ४० अंशांनी कललेले आहेत' हे सरळ मराठी जास्त बरे.

क्षेत्रभेटीत दोन ठिकाणी हा शब्द वापरू नका. चिरेखाणीच्या भिंतीवर जे आडवे पट्टे दिसतात ते चिरे कापल्याच्या खुणा असतात. हे चिरे ज्याचे, तो जांभा खडक जागच्या जागी झिजून तयार होतो, त्याला गाळाचे थर नसतात. दुसरे, किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकडीचा छेद. त्यातल्या तिरक्या रेषा वाऱ्याने वाळू टाकतानाच तिरक्या पडलेल्या असतात, ते 'तिर्यक स्तरण'. दोना पावलाची खडपे दाखवायची असतील तर जरूर दाखवा, पण तिथला ग्रेवॅक हा गाळाचा खडक नंतर दाबाखाली रूपांतरित झालेला आहे. त्याच्या फटींना थर समजून कोन मोजला जाण्याची शक्यता फार. आधी कणांचा जाड-बारीकपणा कुठे बदलतो ते मुलांना शोधायला लावा, आणि ती सीमा हाती लागल्यावरच क्लिनोमीटर काढा.