गाडी डावीकडे ओढते, केस कोणावर करायची?

नागपूरच्या बेसा भागातून एका ताईंनी लिहिलंय. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी वर्धा रोडवरच्या एका दुकानातून चारही टायर नवे टाकले. सौदा 27,600 रुपयांचा ठरला. त्यातले 20,000 यूपीआयने दिले, बाकी 7,600 आठवडाभरात द्यायचे होते. पण दुकानातून निघाल्यापासूनच गाडी डावीकडे ओढते आहे. दुकानदाराने तीनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळवणी, करून दिली आणि शेवटी म्हणाला, "रस्त्यालाच उतार आहे, मॅडम." सर्व्हिस सेंटरवाल्यांनी टायरकडे बोट दाखवलं. टायर कंपनीचा माणूस येऊन हवा तपासून गेला, "टायर ओके." बिलाच्या नावाने हातात एक चिठ्ठी आहे आणि तिच्यावर शिक्का, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. आता बाकीसाठी फोनावर फोन येताहेत, दीर म्हणताहेत पोलिसांत जा. पैसे परत मिळतील का, आणि केस कोणावर करायची, असं ताई विचारतात.

ताई, दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यात दडलेलं आहे. गाडी का ओढते हे ठरल्याशिवाय कोण जबाबदार हे ठरत नाही. टायरच सदोष निघाला तर तो मालातला दोष. विकणारा आणि बनवणारी कंपनी, दोघांनाही पक्षकार करायचं. अलाइनमेंट चुकली असेल तर ती सेवेतली त्रुटी, म्हणजे फक्त दुकानदार. आणि तुमच्या गाडीचा लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) किंवा त्यातला रबरी बुश आधीच गेलेला असेल, तर कोणीच नाही. आज तिघे एकमेकांकडे बोटं दाखवताहेत. अशा अवस्थेत तक्रार केली तर ग्राहक आयोगासमोरही तेच चालेल, आणि दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर असते.

मी मेकॅनिक नाही, पण टायरच्या प्रकरणात उभं राहायचं तर वकिलालाही थोडं शिकावं लागतं. आधी चारही टायरमध्ये थंड असताना हवा सारखी भरून घ्या. मग पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करायला सांगा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवा. ओढ उजवीकडे गेली तर दोष त्या दोन टायरांपैकी एकात आहे. रेडियल टायर बनताना आतले पट्टे किंचित सरकले, तर टायर शंकूसारखा वागतो आणि एका बाजूला जायला बघतो. बाहेरून तो नवाकोराच दिसतो, त्यामुळे नुसती हवा तपासून 'ओके' म्हणण्याला काही अर्थ नाही. ओढ डावीकडेच राहिली तर पुढच्या टायरांवरचा संशय बराच कमी झाला. मग अलाइनमेंट, सस्पेन्शन किंवा ब्रेक बघायचे. टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर मात्र डावा-उजवा बदल नुसता करता येत नाही. तेव्हा त्याच बाजूचा पुढचा मागे आणि मागचा पुढे घ्या.

दुकानदाराचा उताराचा मुद्दा अगदीच खोटा नाही. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता ठेवतात आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे सरळ गाडीसुद्धा जराशी डावीकडे झुकते. पण टायर बदलल्याने रस्ता बदलत नाही. अदलाबदलीनंतर तीच गाडी त्याच रस्त्यावर उजवीकडे गेली, तर उताराची गोष्ट तिथेच संपली.

गाडी फक्त ब्रेक दाबल्यावर ओढते का, हेही बघा. फेरफटका मारून आल्यावर एका चाकाची रिम दुसऱ्यापेक्षा फार तापलेली वाटली, तर तिथला ब्रेक धरून बसला असण्याची शक्यता आहे, आणि मग टायरवाल्याला दोष देता येणार नाही.

राहिली ती तीनदा केलेली अलाइनमेंट. मशीनचा छापील कागद मागा, आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला. बऱ्याच लहान गाड्यांमध्ये दुकानात फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, जुळवतात. कॅम्बर (उभ्या चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) जुळवायची सोयच नसते. टो बिघडला तर स्टेअरिंग तिरकं राहतं आणि टायर झिजतो, पण एका बाजूची सततची ओढ सहसा कॅम्बर-कॅस्टरच्या फरकातून येते. डाव्या-उजव्या चाकाच्या आकड्यांत मोठा फरक दिसला तर तो कागदच सांगेल की सस्पेन्शन उघडून बघायला हवं. दुकानदार कागद देत नसेल तर दुसरीकडे पैसे भरून काढा आणि पावती ठेवा.

ही अदलाबदल एकट्याने करू नका, ताई. दुकानदाराला आधी लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टानेही: अमुक दिवशी, अमुक वाजता चाचणी आहे, तुम्ही किंवा कंपनीच्या माणसाने हजर राहावं. आला तर त्याच्यासमोर करा. नाही आला तर गाड्यांचं मूल्यांकन करणाऱ्या परवानाधारक सर्व्हेयरला सोबत घ्या आणि त्याचा सही-शिक्क्याचा अहवाल घ्या. चारही टायरच्या कडेवरचे पूर्ण नंबर अहवालात आलेच पाहिजेत. त्यातले शेवटचे चार आकडे टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते सांगतात. 'नवा' म्हणून दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला माल तर दिला नाही ना, तेही कळेल.

हे सगळं याच आठवड्यात करा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर 30 दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमचे तीन आठवडे गेले. शिवाय 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 42 प्रमाणे, नाकारतोय असं न कळवता माल वाजवी काळापेक्षा जास्त ठेवला तर तो स्वीकारला असं धरतात. मग परत करण्याचा हक्क जातो आणि फक्त नुकसानभरपाई उरते. तुम्ही याच टायरांवर रोज बुटीबोरीला ये-जा करता. महिनाभराने समोरचा वकील झिजलेल्या कडा दाखवून म्हणेल, बाईंनी वापरूनच टायर खराब केले. गाडी शक्य तितकी कमी चालवा. आणि समृद्धीवर तर नेऊच नका. 120 च्या वेगात एका बाजूला ओढणारी गाडी हा कायद्याचा विषय राहत नाही.

शिक्क्याला घाबरू नका. सदोष माल परत न घेण्याचा हक्क असल्या शिक्क्याने मिळत नाही. चिठ्ठीचं मात्र गंभीर आहे. बिल न देणं हीसुद्धा ग्राहक कायद्याच्या त्याच कलम 2(47) मध्ये अनुचित प्रथा आहे, तेव्हा दुकानदाराला लेखी नोटीस पाठवा आणि तीत पक्कं बिल मागा. "बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल" हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. त्याने कर भरायचा की नाही हा त्याचा आणि सरकारचा प्रश्न, तुमचा नव्हे. तोवर यूपीआयचा व्यवहार, चिठ्ठी आणि फोनवरचे मेसेज जपून ठेवा.

पोलिसांत जाऊन काही होणार नाही. फसवणुकीच्या गुन्ह्याला सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू लागतो. टायर ओढतो एवढ्यावरून तो दिसत नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कंपन्या पुष्कळदा तिथेच नरमतात. नाहीच जमलं तर सिव्हिल लाईन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. कलम 38 खाली आयोग टायर प्रयोगशाळेत पाठवू शकतो; तपासणीचा खर्च मात्र आधी तुम्हाला भरावा लागतो. मानसिक त्रासापोटी पाच लाख मागण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. 27,600 च्या मालावर तसा आकडा दिसला की तुमच्या खऱ्या मागणीचंही वजन कमी होतं. टायरचे पैसे, चाचण्यांचा खर्च आणि माफक नुकसानभरपाई मागा.

आता बाकीचे 7,600. काही पैसे दिले आणि उरलेले द्यायचं कबूल केलं, तरी कायद्याने तुम्ही ग्राहकच आहात. मालविक्री कायद्याचं कलम 59 दोषापोटी किमतीत वजावट मागायला मुभा देतं, म्हणून रक्कम रोखून धरण्यात गैर काही नाही. पण फोन न उचलता गप्प बसून रोखू नका, तसं केलं तर तुम्ही थकबाकीदार दिसता. नोटिशीत सरळ लिहा: 7,600 रुपये देणं आहे हे मान्य, टायर सदोष असल्यामुळे ते वादाचा निकाल लागेपर्यंत राखून ठेवले आहेत, टायर बदलून दिले तर त्याच दिवशी देईन. आणि हो, तुमचे जुने चार टायर दुकानदारानेच ठेवून घेतले का, आणि त्यांचे पैसे वजा केले का, हे पत्रात नाही. केले नसतील तर तेही नोटिशीत मागा.