प्रवासाचं विचारा : मातीचे सैनिक पहिल्या दिवशी नकोत

प्रश्न : ताई, मी ५१ वर्षांची, शाळेत इतिहास शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत बीजिंगला भाचीकडे जाणार आहे. तिला रजा नाही, त्यामुळे शीआनला तीन दिवस एकटीच जाईन. जो तो म्हणतो, उतरल्या उतरल्या मातीचे सैनिक बघून घे. मी शाकाहारी आहे आणि चिनी भाषेचा गंध नाही. पहिला दिवस कसा घालवू? खरं सांगते, पोटात गोळा आलाय.
— एक वाचक, मिरज

उत्तर : गोळा माझ्याही पोटात आला होता. बत्तीस वर्षं बँकेत कॅश मोजली, पण परमुलखात एकटीनं हॉटेलची किल्ली घ्यायची ती पहिलीच वेळ. म्हणून मला जे जमलं तेच सांगते.

चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले हे सैनिक शहरात नाहीतच. ते पूर्वेला लिन्तोंगच्या बाजूला, चाळीसेक किलोमीटरवर. जाण्यायेण्यात आणि गर्दीत दिवस संपतो. १९७४ साली शेतकऱ्यांना विहीर खणताना सापडेपर्यंत ते दोन हजार वर्षं मातीखाली उभे होते, तुमच्यासाठी आणखी एक दिवस थांबतील.

बीजिंगहून वेगवान गाडी साडेचार ते सहा तासांत शीआन नॉर्थला सोडते. तिथून मेट्रोची २ नंबरची लाइन सरळ घंटा मनोऱ्याखाली जाते. मुक्काम तटबंदीच्या आतच करा. चौकोनी तट, मधोमध मनोरा, तिथून चार दिशांना चार रस्ते. माझ्यासारखी, जिला पुण्यातल्या पेठांत अजून चकवा लागतो, तीसुद्धा इथे हरवली नाही.

सकाळी उठून दक्षिण दरवाजानं तटावर चढा. हा तट मिंग काळातला, १३७० च्या सुमाराचा. उंची बारा मीटर, आणि माथा इतका रुंद की दोन ट्रक शेजारून जातील. वर सायकली भाड्यानं मिळतात. पूर्ण फेरी जवळजवळ चौदा किलोमीटरची. विटा खडबडीत आहेत, सायकल दातखीळ बसेस्तोवर हादरते. मी अर्ध्यावर उतरून ढकलत नेली आणि तेच बरं झालं. आतल्या बाजूला गच्च्यांवर वाळत घातलेल्या रजया, खालच्या बागेत पत्ते कुटणारे आजोबा. आपलं इकडे कुणाला काही पडलेलं नाही, हे कळलं की धास्ती निम्मी उतरते.

दुपारी नगारा मनोऱ्याच्या कमानीखालून मुस्लिम वस्तीत शिरा. मुख्य रस्ता म्हणजे जत्रा, तो भराभर ओलांडायचा. खरी गोष्ट आहे आतल्या बोळातली मोठी मशीद. घुमट नाही, उंच मिनार नाही. निळी कौलं, लाकडी कमानी, एकामागून एक चौक आणि मधे मनोरा, तोही चिनी घाटाचा. देवळात आलो की काय असं वाटतं. पण चिनी देवळं सहसा दक्षिणेकडे तोंड करून असतात, आणि इथली सगळी मांडणी पूर्व-पश्चिम, कारण मक्का पश्चिमेला. प्रार्थनेच्या दालनात आपल्याला प्रवेश नाही. अंगणातल्या बाकावर अर्धा तास बसा, पायही मोकळे होतात.

जेवणाचं. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. माझ्या नूडल्समध्ये मांसाचे तुकडे नव्हते, पण रस्सा मटणाचाच होता, पहिल्या घोटाला कळलं. भाचीकडून चिनीत कागदावर लिहून घ्या : मांस, मासे, अंडी आणि मांसाचं पाणीसुद्धा चालत नाही. मग ‘ल्यांगफी’ मागा. गव्हाच्या सत्त्वाच्या गार पट्ट्या, वर काकडी, व्हिनेगर, लसूण आणि तिखटाचं तेल. मी तीन दिवसांत पाच वेळा खाल्ली. टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या एका केशरी फळाच्या गोड तळलेल्या पुऱ्याही मिळतात. आपल्या घारग्यांची सर नाही, पण गरम असताना खाऊन बघा.

चारच्या आत रानहंस मनोऱ्याला पोचा; या नावाचे दोन मनोरे आहेत, त्यातल्या मोठ्या. २ नंबरच्या मेट्रोनं दक्षिणेला, श्याओचायला बदलून ३ नंबरनं एकच स्टेशन. हा मनोरा पहिल्या दिवशी बघा असं मी तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण तुम्ही वर्गात ज्याचं नाव दरवर्षी घेता त्याच्यासाठी तो बांधला. आपल्या वेळचा ह्युएनत्संग, नव्या पुस्तकातला युआन श्वांग, भारतात आलेला चिनी बौद्ध भिक्खू. सम्राटाची परवानगी नसताना निघाला, १६-१७ वर्षांनी ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला, आणि ते ठेवायला ६५२ साली हा मनोरा उभा राहिला. आज तो तटाच्या बाहेर दिसतो, पण तेव्हाचं शीआन, म्हणजे चांगआन, एवढं पसरलेलं होतं की तो शहराच्या आतच होता.

६४१ च्या आसपास तो चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला. इथल्या माणसांबद्दल लिहिलं की ती उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, पण अडलेल्यानं हाक मारली तर स्वतःचं भान हरपून धावतात. दारात दगडी हत्ती असलेल्या लेण्यांचं त्याचं वर्णन अजिंठ्याचं आहे, असं अभ्यासक मानतात. मनोऱ्याच्या आत लाकडी जिना आहे, वर जायचं तिकीट वेगळं. सातव्या मजल्याच्या खिडकीत मी उभी होते. खाली इमारती, दूर धुकं. हा बुवा इथून निघून आमच्या मुलखात आला होता, आणि त्याच्याकडे तर मेट्रोही नव्हती.

खाली उतरले आणि फोन बंद पडला. नकाशा त्यात, पैसे त्यात, भाषांतर त्यात. तिकडे जागोजागी पॉवर बँक भाड्यानं मिळतात, पण ती सोडवायला चालू फोनच लागतो! पासपोर्टाच्या कव्हरात शंभर युआनची एक नोट होती. मेट्रोच्या खिडकीतल्या मुलीनं ती घेतली, सुटे मोजून दिले. मी सवयीनं पुन्हा मोजले, ती हसली.

प्रश्न : पॉवर बँक इथूनच नेली तर? आणि तिकडे रोख पैसे खरंच घेतात का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : न्या, पण तिच्यावर ‘३सी’ ही चीनची सुरक्षा-प्रमाणपत्राची खूण आहे का बघा. जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत त्या खुणेशिवाय पॉवर बँक नेऊ देत नाहीत. रोख नाकारायला कायद्यानं परवानगी नाही, अडचण सुट्ट्यांची असते. दहा-वीसच्या नोटा ठेवा. अलीपे या फोनवरून पैसे द्यायच्या चिनी अ‍ॅपला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड इथूनच जोडून निघा, म्हणजे ओटीपीची भानगड घरच्या नंबरवरच मिटते.