बाभळीचं सरपण छोट्या चुलीसाठी: लांबी करवतीने, फोडणं कुऱ्हाडीने

ताई, कपाळावर निभावलं हे बरं झालं. सासऱ्यांनी बांधावरची बाभूळ पाडून दोन-अडीच फुटांचे ओंडके दिले, नव्या लोखंडी चुलीचं पोट जेमतेम 9 इंच, म्हणून पायाखाली दाबून कुऱ्हाडीने आडवे तोडायला गेलात आणि तुकडा उडून लागला, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या शेतात, वसमतकडं, माझ्या चुलतभावाचा डोळा असाच गेला. बोटभर ढलपी होती. तेव्हापासून आमच्या घरात लांबी कमी करायला कुऱ्हाड कुणी धरत नाही.

लाकडाच्या रेषा उभ्या असतात. आडवा घाव त्या रेषांवर आदळतो, कुऱ्हाड उसळते आणि सुटं टोक भिरकावलं जातं. उभा घाव रेषांच्या मधून शिरतो, लाकूड आपसूक उकलतं. म्हणून आधी करवत, मग कुऱ्हाड.

चूल 9 इंचांची, तर तुकडे 8 इंचांचे ठेवा. ओंडका लांब आहे तोवरच कोळशाने सगळ्या खुणा करून घ्या. फांद्या कापायची मोठ्या दातांची करवत आणा. लोखंड कापायची बारीक दातांची ओल्या बाभळीत लगेच भरते. दोन फुल्या ठोकून लाकडाची घोडी करा आणि कापायचं टोक घोडीच्या बाहेर लटकतं ठेवा. दोन्ही टोकं टेकलेली असली की मधला काप मिटतो आणि करवत धरली जाते. खरा घात शेवटच्या बुडख्यात असतो. फूटभर उरलेला तो तुकडा ना हाताने नीट धरवतो, ना पायाने दाबवतो. त्याच्या मागे लागू नका, पाणी तापवायच्या मोठ्या चुलीत जाऊ द्या. गाठीचं लाकूडही तिकडंच.

फोडायला कडुलिंबाचा रुंद ठोकळा घ्या, गुडघ्यापेक्षा कमी उंचीचा. पाय फाकवून समोर उभं राहा, एक पाय पुढे नको. नेम चुकला तरी कुऱ्हाड ठोकळ्यात रुतली पाहिजे, नडगीत नाही. ठोकळ्यावर स्कूटरचं जुनं टायर ठेवून तुकडे त्यात उभे करा, फुटले तरी जागेवरच राहतात. बारीक चिरफळ्या काढताना एका हातात लाकूड आणि दुसऱ्या हाताने कोयत्याचा घाव, हे अजिबात नको. कोयता तुकड्याच्या डोक्यावर टेकवा आणि पाठीवर लाकडी मोगरीने हळूहळू ठोका. लोखंडी हातोड्याने पोलादाची कपची उडते. डोळ्यांना चष्मा, पायात बूट, पदर खोचलेला आणि पोरं अंगणाबाहेर.

दांडा सैल असेल तर पाण्यात भिजवून भागत नाही, वाळला की पुन्हा हलतो. पाचर ठोकून घ्या. ग्राइंडरला दातेरी चक्र लावून लाकूड कापणारे खूप दिसतात. ते चक्र अडकलं की मशीन हातातून उसळतं. नकोच.

आणि हे सगळं बाभूळ ओली असतानाच उरका. वाळली की दगड होते. फोडलेले तुकडे उन्हाळाभर आपल्याकडच्या उन्हात पडले की पावसाळ्याआधी तयार होतात. टोकांना भेगा पडतात, एकावर एक आपटले की खणखण वाजतात. दबका आवाज आला तर अजून ओल आहे, धूर होणार. रचताना खाली दगड घाला, भिंतीपासून थोडं अंतर ठेवा. विंचू आणि फुरसं सरपणातच बसतात, म्हणून काठीने हलवल्याशिवाय हात घालू नका. कण्हेर, प्लायवूड आणि रंग दिलेलं लाकूड चुलीत घालू नका, त्यांचा धूर विषारी असतो.

ओंडके फारच असतील तर वखारीत मशीनवर 8 इंचांचे काप करून आणा, घरी नुसतं फोडायचं राहील. आणि कपाळाला चीर पडली असेल, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील, तर आजच दवाखान्यात जाऊन या.