कार्बन शिकवताना

सर, पहिल्याच तासाला ‘शरीराच्या वजनात सुमारे 18 टक्के कार्बन’ असं फळ्यावर लिहू नका, पोरं जांभया देतात. आपल्या सांगलीत ऊस घरचाच. जुन्या चमच्यात साखर तापवा (खिडक्या उघड्या ठेवा, धूर होतो). काळं उरतं तो बहुतांशी कार्बन. उसानं तो हवेतून घेतला, आपण चहातून. पेशीत साखर मोडते अन् तोच कार्बन उच्छ्वासातून परत शिवारात! मग चार बंधांकडे वळा: कार्बन चार हातांनी इतरांना धरतो, स्वतःशीही साखळ्या जोडतो, म्हणून प्रथिनं, चरबी, डीएनए उभे राहतात. कोळसा खाऊन मात्र काही मिळत नाही, हे आधीच बजावा. माझ्या वर्गात एकानं पेन्सिलीचं शिसं (तेही बहुतांशी कार्बनच) चघळून दाखवलं होतं.