अमेरिकेतलं रेड रॉक्स अँफिथिएटर, म्हणजे डेन्व्हरजवळचं गाण्याच्या कार्यक्रमांचं उघड्यावरचं थिएटर, निसर्गाने घडवलंय की माणसाने बांधलंय?

अर्धं अर्धं आहे. दोन बाजूंचे लाल खडक, क्रिएशन रॉक आणि शिप रॉक, जवळजवळ ३०० फूट उंच, ते निसर्गाचेच, आणि मधल्या उताराला आवाज छान घुमतो हेही आधीपासूनचंच. म्हणून तर १९०६ पासून जॉन ब्रिस्बेन वॉकर नावाचा माणूस तिथे तात्पुरतं स्टेज टाकून गाण्याचे कार्यक्रम करायचा, पुढे ती जागा डेन्व्हर शहराने विकत घेतली.

पण बसायच्या पायऱ्या, स्टेज हे सगळं माणसांनी बांधलं, आणि मला तोच भाग सगळ्यात जास्त भावतो. १९३६ ला काम सुरू झालं, मंदीचे दिवस, सरकारी योजनेतली बेकार तरुण पोरं कामाला, महिन्याला ३० डॉलर पगार आणि त्यातले २५ थेट घरी पाठवले जायचे. पाच वर्षं लागली, १५ जून १९४१ ला उद्घाटन. आर्किटेक्ट बर्नहॅम हॉइटने काय केलं तर खडकांच्या वरचढ काही दिसेल असं बांधलंच नाही, सगळं बांधकाम उतारात बसवून टाकलं, साडेनऊ हजार माणसं बसतात तरी नजर आधी खडकावर जाते. मी साइटवर काम करतो, बेलापूरकडे पारसिकचा डोंगर खडीसाठी कसा कापत नेला ते रोज बघतो, त्यामुळे हे जरा जास्तच लागतं मनाला.

१९६४ ला बीटल्स येऊन गेले, आणि तिकिटं पूर्ण खपली नव्हती! १९७१ मध्ये बिनतिकिटाची गर्दी आत घुसायला लागली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, मग पाच वर्षं रॉकचे शो बंद.

जगभर नाव झालं ते ५ जून १९८३ च्या यू टू या आयरिश रॉक बँडच्या शोमुळे, पाऊस, धुकं, मशाली पेटवलेल्या, आणि त्याचं शूटिंग झालं. तोच बँड १५ डिसेंबर २०१९ ला आमच्या नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आला होता, मी तिकीट काढलं नव्हतं पण घराच्या गॅलरीच्या ग्रिलवर हात ठेवला तर बास हाताला जाणवत होता, त्याच रात्री तो जुना व्हिडिओ शोधून बघितला आणि तिथून हे वाचायचं वेड लागलं.

कधी डेन्व्हरला गेलात तर शो नसेल त्या दिवशी सकाळी जा, लोक त्या पायऱ्यांवर चढ-उतर करत व्यायाम करत असतात, तिकीट लागत नाही.