आज जे उभं आहे, त्याचेच पैसे

बाळा, अनेक आशीर्वाद.

ठाण्यात नौपाड्यातला तो जुना फ्लॅट घ्यायचं तुझ्या मनात आहे. परवा रात्री त्याच्या किमतीबद्दल फोनवर तू म्हणालास, "मावशी, जरा जास्त वाटतात, पण लोकेशन बघ ना." तेव्हापासून मला स्वस्थता नाही. नौपाड्याचं लोकेशन तू मला सांगायला नको. स्टेशन चालत, तलावपाळी चालत, गडकरी रंगायतन चालत, दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर जायला रिक्षा लागत नाही, आणि तुझे आईबाबा दोन गल्ल्या सोडून. घर तिथेच हवं, हे मान्य. पण घर विकणारे ते काका दीड कोटी मागतायत ते कशाचे, एवढं मला सांग.

६०० फूट बिल्टअप, म्हणजे भिंती धरून. कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, ५०० च्या आसपास. तिसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत पन्नाशीला आलेली. कोपऱ्यावर नवा टॉवर झाला, त्याचा कार्पेटचा दर काकांनी आपल्या बिल्टअपला लावला आणि वर "रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे" हे वाक्य चढवलं. ज्या इमारतीचा अजून नकाशासुद्धा नाही, तिचे पैसे ते आज तुझ्याकडून घेणार. आज जे उभं आहे त्याचेच पैसे दे. मी हे पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नकोस.

तू पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. पीओपीचं छत फक्त स्वयंपाकघरात आहे, बाकी घरात कुठेच नाही. का, ते विचारलंस? वरच्यांची मोरी बहुतेक तिथेच असणार. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला ताजा रंग आहे आणि खाली, स्कर्टिंगच्या वर, रंगाला फुगवटा आलाय. पुढच्या वेळी जाशील तेव्हा खिशातलं नाणं काढ आणि भिंतीवर ठोकत जा. बद्द आवाज आला की प्लास्टर सुटलंय. स्लॅबच्या खाली तपकिरी रेघ दिसली तर आत सळई गंजलीय. गंज फुगतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो, त्याला नव्या टाइल्स पुरत नाहीत. इमारत लोडबेअरिंग असेल तर हॉल आणि स्वयंपाकघर एक करायचं सूनबाईच्या मनात आहे ते होणार नाही, कारण वरचा भार त्या भिंतीवरच उतरलेला असतो. जुने लोखंडी जीआय पाइप आणि जुनी वायरिंग तर बदलावीच लागते. आधी कंत्राटदाराला घर दाखव, आकडा लिहून घे, आणि मगच भावाचं बोल. लोक नेमकं उलट करतात. भाव ठरवतात, टोकन देतात आणि मग स्लॅबकडे बघतात.

आता पैशाचं. माझी सगळी नोकरी बँकेत होमलोनच्या टेबलावर झाली, त्यामुळे इथे मी तुझं ऐकणार नाही. ७५ लाखांवरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, आणि किंमत म्हणजे करारातला आकडा की व्हॅल्युएशन, यातलं जे कमी ते. काकांनी दीड कोटी म्हटलं आणि बँकेच्या व्हॅल्युअरने १ कोटी ३० लाख लावले, तर कर्ज साडेसत्त्याण्णव लाखांवर थांबलं. साडेबावन्न लाख तुझ्या खिशातून. ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे आणखी साडेदहा लाख, नोंदणीचे ३० हजार वेगळे. घर फक्त सूनबाईच्या नावावर घेतलंस तर शुल्कात एक टक्का वाचेल, पण भोक तेवढ्याने बुजत नाही. या सगळ्यात दुरुस्तीचा एक रुपयाही नाही, आणि तू मला सांगतोस की "नूतनीकरण हळूहळू करू". कशातून करणार, राजा?

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या इमारतीतले झालेले व्यवहार सापडतात. सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढ आणि शेजाऱ्यांनी खरोखर किती घेतले ते बघ. मागितलेला भाव दस्तात लिहिला जात नाही, दिलेला लिहिला जातो.

रीडेव्हलपमेंट होईलही. पण जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीला देणारा दस्त, किंवा मालक तो देत नसेल तर सरकारकडून मिळवायचं डीम्ड कन्व्हेयन्स झालंय का? प्रॉपर्टी कार्डावर कोणाचं नाव आहे? समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असला की टीडीआर, म्हणजे जास्तीच्या बांधकामाचे हक्क, घ्यायची पंचाईत होते, आणि जुन्या ठाण्यातल्या कितीतरी इमारती तिथेच अडकतात. रीडेव्हलपमेंटसाठी लागणारी ७९अ कलमाखालची सभा झाली का, बिल्डर निवडला का, करारनामा नोंदवला का? यातलं काहीच झालं नसेल तर "जाणारच आहे" ही नुसती आशा आहे. आशा काकांची, हप्ते तुझे, असं कसं चालेल? आज जे उभं आहे त्याचेच पैसे दे.

मला लोक काय म्हणतात ते तुला माहीत आहे. विष्णुनगरातलं घर आम्ही सोडलं, कारण विकणारे असाच उद्याच्या इमारतीचा भाव मागत होते. आम्ही मानपाड्याला गेलो. पुढे पुष्कळ वर्षांनी ती इमारत खरंच पाडली, नवी झाली, आणि ज्यांनी ती जागा घेतली त्यांचं भलं झालं. तुझी आईसुद्धा अधूनमधून मला ते ऐकवते. आमच्या यांना संध्याकाळी पायी नाटकाला जायचं होतं, ते राहूनच गेलं, आणि ती हळहळ मला आहे. पण आमच्याकडे तेव्हा जेवढे पैसे होते, त्यात तो भाव दिला असता तर मुलीच्या शिक्षणाला हात लावावा लागला असता. त्यांना बिल्डर मिळाला, बाजूच्या इमारतीला मिळाला नाही, ती अजून टेकू लावून उभी आहे. दोन्ही इमारतींत त्या वेळी भाव एकच मागत होते. मग मी कशावरून ठरवायचं होतं? माझा निर्णय बरोबर होता आणि आजही मी तोच घेईन.

सोसायटीच्या सेक्रेटरींना या शनिवारी गाठ. ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ३ वर्षांनी व्हायला हवं, शेवटचा अहवाल माग. पालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत इमारत कोणत्या वर्गात आहे तेही विचार. सी-१ असेल तर घर सजवून झाल्यावर रिकामं करायची नोटीस येईल. सी-२ब असेल तर दुरुस्तीचा वाटा तुझ्याही माथी येईल, तो भावातून वजा कर. काका रागावले तर रागावू देत, दुसरं गिऱ्हाईक शोधू देत. अहवाल हातात आला की कंत्राटदाराचा आकडा घेऊन माझ्याकडे ये, आपण दोघं बसून ऑफर लिहू. तोवर टोकनचा चेक देऊ नकोस.

तुझी,
मावशी